तबस्सुमशिवाय अपडेट

२ जून
वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर नवा प्रिंटर चालत नाही. कॉम्प्युटर ज्यावर चालतो ते लिनक्स जुनं झालंय, अपडेट हवं. पंधराला वार्षिक सभा, पुस्तकांची छापील यादी ठेवायचीय. अध्यक्ष निंबा आबा म्हणाले, तबस्सुमला बोलवू. लिनक्स तिनंच टाकलेलं. गेल्या वर्षी नोकरी लागून जळगावला, पिंप्राळ्यात गेली. जाताना चारचौघांत मला म्हणाली, "भाऊ, तुम्ही फक्त चालू-बंद करत जा."
विसरलेलो नाही. यादी मीच छापणार आणि सभेत तिच्यादेखत हे वाक्य वाचून दाखवणार. तिला सभेचं निमंत्रण पाठवलं.

३ जून
अडचण किरकोळ. वाचनालयात नेट नाही. तबस्सुमनं मागितलं होतं, म्हणून 'नेट नको' हा ठराव मीच मांडला. मोबाईलचं नेटसुद्धा जोडायचं नाही, ही ओळही माझीच. ठराव चांगलाच होता.

५ जून
सोनगीरहून धुळे. नथ्थूच्या सायबर कॅफेत प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे पॅकेज, पेनड्राइव्हवर घेतलं. इथं टाकलं तर कॉम्प्युटर म्हणतो, आधी दुसरं पॅकेज आणा.

६ जून
पुन्हा धुळे. दुसरं आणलं. त्याला आणखी चार लागतात. नथ्थू म्हणाला, काय काय लागतं त्याची पूर्ण यादी कॉम्प्युटरकडूनच काढून आणा. मी म्हणालो, असले शॉर्टकट तबस्सुम करते.

९ जून
चारही आणली. जुन्या ३२ बिट कॉम्प्युटरची निघाली, आपला ६४ बिट. नथ्थूनं सांगायला हवं होतं. सुडाच्या यादीत त्याला दुसऱ्या नंबरवर घेतलंय.

११ जून
चौथी फेरी. आता ६४ बिट. तरी दोन कमीच. जबरदस्तीनं टाकायची कमांड असते, ती दिली. भराभर अक्षरं पळाली. काम झाल्यात जमा.

१२ जून
काळा पडदा. कोपऱ्यात पांढरी रेघ लुकलुकते. झाडलोट करणाऱ्या सुंदरबाईंनी विचारलं, "भाऊ, हाई मरी गयं का?" म्हणालो, अपडेट मुरतंय. तीन हजार पुस्तकांची नोंद आत आहे.

१४ जून
तबस्सुम एक दिवस आधीच आली. काही मदत लागली तर म्हणून, म्हणे. काय काय हवं ते काळ्या पडद्यावरच कमांड देऊन कॉम्प्युटरकडून काढलं, धुळ्याला जाऊन एकदाच सगळं आणलं. चारपर्यंत यादी छापून तयार. पुस्तकांच्या नोंदी सगळ्या शाबूत. मग हळूच विचारलं, "जबरदस्ती कोणी केली?" मी सुंदरबाईंकडे बघितलं. त्या झाडू टाकून घरी गेल्या.

१५ जून
सभा. भाषण खिशात. माझ्याआधी तबस्सुम उठली. म्हणाली, पॅकेजसाठी रुपचंदभाऊंनी धुळ्याच्या चार फेऱ्या मारल्या, मी फक्त शेवटचा हात लावला. टाळ्या. भाषण खिशातच राहिलं.
निंबा आबा खूश. "हायस्कूलमा बारा कॉम्प्युटर शेतस, तठे बी नेट नही. बठ्ठा रुपचंद करी." बाराही कॉम्प्युटर मीच अपडेट करायचे, असा ठराव एकमतानं मंजूर.
तबस्सुमला बसपर्यंत सोडायला गेलो. बस येईपर्यंत ती कमांडा सांगत होती, मी भाषणाच्या पाठीमागे उतरवत होतो. कागद पुरला नाही.