गाळलेलं पान

१४ डिसेंबर, संध्याकाळचे सव्वासात, आगाशी. मांडीवर शब्दकोश.

रोज बाबा सोनचाफ्याचे पुडे बांधतात आणि मी त्यांना ती जाडजूड इंग्रजी कादंबरी मराठीत सांगतो. जुन्या इंग्लंडातले जादूगार! नववीत इंग्रजीमुळेच शाळा सुटली, तरी ही गोष्ट मला कळते. आज मात्र पान २११ अवघड गेलं म्हणून गाळलं.

बाबा लगेच म्हणाले, "काल तो जादूगार धुक्यात अडकलेला ना रे? आज घरी जेवतोय कसा?"

"सुटला असेल."

"असेल? वाचतोस की थापा मारतोस?"

खरं सांगून टाकलं. इतकं लक्ष देऊन ऐकतात?

"मग थांबू," म्हणाले. "मला कुठे घाई आहे?"

पान २११. बावीस शब्द अडलेत. उद्यापर्यंत अर्थ लावणारच.

खर्च: वही, तीस रुपये.
देणं: बाबांना एक पान.