भिंगरीला थांबवण्यासाठी ग्रामसभेच्या चित्रीकरणाची नक्कल मिळणेबाबत

प्रति,
मा. ग्रामपंचायत अधिकारी,
ग्रामपंचायत कार्यालय, मौजे खैरवाडी खुर्द,
ता. नांदुरा, जि. बुलडाणा.

अर्जदार : तुळशीराम श्रीपत बावस्कार, वय ६७, धंदा भाजीपाला.

विषय : दि. २६ जानेवारी २०२५ च्या ग्रामसभेच्या चित्रीकरणातील अर्जदाराच्या मयत पत्नीच्या आवाजाची नक्कल मिळणेबाबत.

संदर्भ : कुत्रे सात दिवसांत गावाबाहेर नेण्याची आपली नोटीस, दि. ५ डिसेंबर २०२५.

महोदय,

१. नोटिशीतला मजकूर खरा आहे, अर्जदार तो नाकारत नाही. भिंगरी नावाच्या कुत्रीने रेशन दुकानापुढची एकोणीस माणसांची रांग हाकत आणून अर्जदाराच्या अंगणात उभी केली. शाळेचा चौथीचा वर्गही एकदा तिथेच सापडला. उत्तमराव पाटलांचे धोतर तिने ओढले, कारण ते रांगेतून फुटत होते. "तुमचं कुत्रं मानसाले बकऱ्या समजून राह्यलं," असे ते म्हणाले. चावा मात्र तिने कोणालाही घेतलेला नाही, एवढे नोंदीवर यावे.

२. ही कुत्री बॉर्डर कॉली जातीची, म्हणजे विलायती मेंढपाळांची. अर्जदाराचा मुलगा ऋत्विक याने ती पुण्यात हौसेने घेतली आणि फ्लॅटमध्ये दिवसभर कोंडली. तिने सोफा फाडला, भिंतीचा गिलावा खाल्ला. हौसेला मोल नाही म्हणतात, पण हौस फिटली की ओझे आईबापाच्या दारी येते. या जातीला भाकरीइतकेच काम लागते, हे अर्जदाराची पत्नी सत्यभामाबाई हिने आठ दिवसांत ओळखले. घरच्या सहा बकऱ्या मेथीच्या वाफ्यात शिरत. बाई शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे कडेच्या हद्दीवर, उभी राहून म्हणे, "जाय वं, आन सगळ्याइले." भिंगरी पोट जमिनीला लावून वेढा घाली, बकऱ्या घराच्या फाटकात आणी, मग बाईला आणी आणि तिच्या तोंडाकडे पाहत राही. "पुरे वं माय, बस आता," हे ऐकल्याखेरीज ती पाणीही पीत नसे. हा हुकूम तिने दुसऱ्या कोणाच्या तोंडून कधी मानला नाही.

३. दि. ९ सप्टेंबर रोजी दिवस कलताना बाईने तिला बकऱ्यांमागे पाठवले आणि बाई स्वतः धुऱ्यावरच कोसळली. भिंगरीने सहाही बकऱ्या घरी पोचवल्या व ती बाईला आणायला परत गेली. अर्जदार पोचला तेव्हा ती बाईभोवती फेऱ्या घालत होती. खामगावला नेईपर्यंत सर्व संपले होते. दुसऱ्या दिवशी प्रेत उचलताना कुत्रे आडवे जाऊ नये, असे जाणत्यांनी सांगितल्यावरून अर्जदाराने भिंगरीला कडब्याच्या खोलीत कोंडले. ती चूक अर्जदाराची आहे. बाई घरातून गेल्याचे तिने पाहिलेच नाही. तिच्या लेखी बाई अजून धुऱ्यावर आहे आणि तिचे काम अर्धे राहिले आहे. दहाव्याला पिंडाला कावळा लगेच शिवला. बाईचे काही मागे राहिले नाही, असे सगळे म्हणाले. कुत्रीचे कोणी विचारले नाही.

४. यापुढील मजकूर आपल्याला चमत्कारिक वाटेल, पण तो अर्जदाराने डोळ्यांनी पाहिलेला आहे. दिवस कलला की भिंगरी धुऱ्यावर जाते आणि तिथून कोणाला तरी घेऊन येते. बकऱ्यांमागे ती दहा हातांवरून चाले, बाईमागे दोन हातांवरून. आता ती दोन हातांवरून चालते, पुढे कोणी नसताना. बाईचा गुडघा दुखायचा. ती विहिरीपाशी आणि बांधाच्या चढावर दम खायला थांबे. भिंगरी त्याच दोन ठिकाणी बसते, तेवढाच वेळ थांबते आणि उठते. ती फाटकाशी आली की अर्जदार फाटक उघडतो आणि वाट देऊन बाजूला सरकतो. पहिल्या दिवशी त्याच्या अंगावर काटा आला होता. पुढे पुढे तो दुपारीच दाढी करून, धुतलेला सदरा घालून बसू लागला. भिंगरी हुकमासाठी बाईचे तोंड असायचे तिथे पाहते. तो मिळत नाही, म्हणून ती पुन्हा धुऱ्यावर जाते. दिवसा ती गावच्या लोकांना गोळा करते, ते त्यात बाई सापडेल म्हणून, असा अर्जदाराचा समज आहे.

५. अर्जदाराने तो हुकूम स्वतः देऊन पाहिला. मेहुणी छाया हिचा आवाज बहिणीसारखा, म्हणून तिने बाईचे लुगडे नेसून दिला. भिंगरीने लुगडे हुंगले आणि छायाबाईच रडत बसली. बांधून ठेवली तर कुत्री साखळीशी झुंजते. तिचे वजन अठरा किलोंवरून अकरावर आले आहे, पंजे सोलले आहेत. ही पंधरा दिवस काढणार नाही, असे नांदुऱ्याचे जनावरांचे डॉक्टर म्हणाले.

बाईचा आवाज घरी कुठेच नाही. ऋत्विकने मोबाईल धरला की ती पदर तोंडाला लावे. मात्र सदर ग्रामसभेत ती नळाच्या पाण्याबद्दल बोलायला उभी राहिली असता भिंगरीने सभेतल्या बायका एका कोपऱ्यात गोळा केल्या. बाई बोलता बोलता थांबून तिला म्हणाली, "पुरे वं माय, बस आता." सभा हसली. अर्जदार मान खाली घालून बसला आणि घरी गेल्यावर बाईला नाही नाही ते बोलला. आपल्या कार्यालयातील अनुपमाताई म्हणाल्या, "हाव काका, कंप्युटरमंदी हाये ते. पन सायबाचा लेखी हुकूम पाह्यजे."

६. अनुपमाताई हे ऑक्टोबरात म्हणाल्या. अर्ज आज होत आहे. विलंबाचे कारण आजारपण नाही. तो आवाज लावला की भिंगरी बसेल, पाणी पिईल, झोपेल आणि दुसऱ्या दिवशी धुऱ्यावरून कोणाला घेऊन येणार नाही. म्हणून अर्जदार दोन महिने कार्यालयाची पायरी चढला नाही. मुक्या जिवाला झिजवून त्याने बायकोला रोज घरी आणवले, याची त्याला लाज वाटते. काल भिंगरी बांधाच्या चढावर बसली ती उठलीच नाही. अर्जदाराने तिला उचलून आणले.

तरी नोटिशीची मुदत वाढवून नक्कल तातडीने देण्यात यावी. ती वाजवण्याआधी अर्जदार एकटाच धुऱ्यापर्यंत जाऊन येणार आहे. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात तो बाईला आणायला कधी गेला नव्हता. शेवटची खेप तरी त्याने करावी.

आपल्या हुकमाची वाट पाहणारा,
तु. श्री. बावस्कार
दि. ११ डिसेंबर २०२५

सोबत : नोटिशीची प्रत, मृत्यूचा दाखला, कोरा पेन ड्राइव्ह.