फुल्या मारलेली पानं

१२ ऑगस्ट २०२०
यादी आली! बारावीचं फिजिक्स पंचवीस टक्के कमी. लाल पेन घेऊन पुस्तकातल्या वगळलेल्या पानांवर फुल्या मारत बसले. इतकं हलकं वाटलं की लाजच वाटली — शिकवायचं कमी झालं म्हणून मास्तरीण खूश!

यादी लगेच वर्गाच्या ग्रुपवर टाकली. सोमारी तेवढी ग्रुपवर नाही. जिवतीकडे पहाडावर गाव, घरात बापाचा बटणांचा फोन, तोही टेकाडावर चढलं तरच लागतो. जुलैत पुस्तक न्यायला इथं राजुऱ्याला कॉलेजात आली तेव्हा मीच बजावलं होतं — पहिल्या पानापासून सुरू कर, एकही पान सोडू नकोस. यादी कागदावर उतरवून पर्समध्ये ठेवली आहे. तिकडची बस सुरू झाली की कंडक्टरकडे देईन.

२७ ऑगस्ट
मोबाइल मसाल्याच्या डब्याला टेकवून वर्ग. एक्केचाळीसपैकी नऊ हजर. मी लंबकाची आंदोलनं शिकवतेय आणि कैफ म्हणतो, "मॅडम, तुमी दिसून नाई राह्यल्या, फक्त कुकरची शिट्टी ऐकू येऊन राह्यली." हसले. नंतरचा अर्धा तास कोणीच काही बोललं नाही. आहेत की गेलेत, तेही कळलं नाही.

५ डिसेंबर
तिसरी ऑनलाइन चाचणी. सोमारी पुन्हा गैरहजर. तिसरं शून्य. रईस म्हणाला, एकदा तिच्या घरी फोन तर लावून बघ. मी फणकारले — नवऱ्याला काय जातंय सांगायला! ज्याला शिकायचं तो कसाही शिकतो.

८ फेब्रुवारी २०२१
सोमारी आज कॉलेजात आली. हातात तीन जाड वह्या. आधी चाचण्यांवरून झापलं तिला. मग वह्या उघडल्या. पहिल्या पानापासून ओळीनं सगळं सोडवलेलं. जमलं नाही तिथं दहा-दहा दिवस अडून बसलेली. आणि ती नेमकी फुल्यांची पानं! पुढच्या निम्म्या पुस्तकाला हातच लागलेला नाही.

ही पानं यंदा परीक्षेला नाहीत, हे सांगावं लागलं. ती बराच वेळ पुस्तक चाळत राहिली. मग हळूच म्हणाली, "तुमीच तं म्हनलं होतं मॅडम, एकबी पान सोडू नोको."

तिच्याकडे बघवेना. चंद्रपूरला बी.एस्सी.ला जायचंय तिला. म्हटलं, चाचण्यांचं मनावर घेऊ नकोस, खरे मार्क बोर्डाच्या पेपरचे. तिथं सगळं भरून काढू.

९ फेब्रुवारी
यादी पर्समध्येच सापडली. शिंप्याच्या पावतीबरोबर घडी केलेली. बस दिवाळीच्या आधीपासून सुरू आहे.

१४ मार्च
रोज संध्याकाळी पाचला फोन. ती टेकाडावर, मी गच्चीवर. सर्किटची आकृती तोंडी सांगायची म्हणजे काय ताप! पण पोरगी बरोबर धरते. उलट मलाच विचारते, बाण उलटा तर नाही ना सांगितला?

आज आधी तिचे वडील बोलले, पोचूभाऊ. दरवर्षी सगळं घर मिरची तोडायला तेलंगणात जातं. यंदा हिला मावशीकडे ठेवून चाललेत, फोनसुद्धा तिच्याजवळच ठेवून. म्हणाले, "बाई, तुमच्या भरोशावर ठेवून जाऊन राह्यलो."

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

२० एप्रिल
परीक्षा पुढे ढकलली. तेवढेच दिवस जास्त मिळाले. तिचे दोनच धडे उरलेत!

३ जून
परीक्षाच रद्द. ग्रुपवर पोरांचा नुसता धुडगूस. पाच वाजले तरी मला गच्चीवर जाववलं नाही.

४ जुलै
मार्क आता दहावी, अकरावी आणि यंदाच्या चाचण्यांवरून. आमच्या चाचण्यांचे गुण मार्चमध्येच वर बोर्डाकडे गेलेत. प्राचार्यांना दोनदा विचारलं. बदल होणार नाही म्हणाले.

पाचला तिचाच फोन आला. "मॅडम, पेपर नाई तं माह्ये मार्क कोन देनार?"

रजिस्टर मांडीवर उघडं होतं. तीन शून्यं, माझ्याच अक्षरात.

म्हटलं, मीच दिलेत, सोमारी.