रेडिओला दिलेले पैसे

ती. अक्का,

पायांवर डोकं ठेवतो. ते उचलेपर्यंत तरी रागावू नकोस. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला गेला, की तो आता घरचाच झाला? आम्ही ठीक आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो.

डोळ्याचं ऑपरेशन का लांबलं, असं तू विचारलंस. (उजवा डोळा आता फक्त चेहऱ्याला शोभा म्हणून आहे. मध्यंतरी एका गिऱ्हाइकाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या.) अक्का, ते पैसे मी रेडिओला दिले. रेडिओ म्हणजे माझ्या दुकानासमोरचा पंक्चरवाला. सकाळी शटरबरोबर याचं तोंड उघडायचं, ते शटर पडलं तरी चालूच, म्हणून हे नाव. त्याला हवा भरायचं नवं मशीन घ्यायचं होतं. कागद करू या का, असं त्यानंच विचारलं, मी मोठेपणा करून म्हणालो, "तुझा शब्द पुरे."

मुदत भरली त्याच आठवड्यात तो टायर काढता काढता कोसळला. जीव वाचला, पण अर्धं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. घरी त्यानं काही सांगितलेलं नव्हतं. म्हणजे माझ्या पैशांना अख्ख्या जगात एकच साक्षीदार, आणि रेडिओ बंद!

हॉस्पिटलात मी पैशांसाठीच गेलो, तुझ्यापासून काय लपवायचं? पण खाटेवर त्याची बायको त्याचा निकामी हात मांडीवर घेऊन बसलेली. विषय कुठून काढणार? सफरचंदं ठेवून परत आलो. (तीही महाग झालीत.) डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज कुणी समोर बसून शब्द म्हणवून घेतले तर वाचा परत येईल. मग मी दुकान लवकर बंद करून बसू लागलो. बाई 'पाणी', 'आई' म्हणवून घ्यायच्या. त्या गेल्या की मी हळूच 'पैसे', 'दिले' सुरू करायचो. त्याच्या ओठांतून लाळ गळायची, डोळ्यांतून पाणी. मी दोन्ही पुसायचो आणि पुन्हा म्हणायचो, "म्हण, दिले." वहिनींना वाटे, काय जीव लावतो हा माणूस! मला मान वर करवत नसे.

परवा तो बोलला. माझ्याकडे बोट केलं, सगळा जीव एकवटला आणि म्हणाला, "पैसे... दिले."

वहिनी रडल्या. मग डोळे पुसून माझ्याकडे वळल्या. "म्हणजे यांनी तुम्हाला पैसे दिले होते? म्हणून रोज येता होय, दादा! दुसरा असता तर तोंड लपवून बसला असता."

रेडिओ जिवाच्या आकांतानं मान हलवत होता. पण त्याचं 'नाही' आता 'हो'सारखंच दिसतं. मी खुलासा करायला तोंड उघडलं, तेवढ्यात वहिनींचे कान दिसले. आदल्या दिवसापर्यंत त्यांत सोनं होतं.

मी म्हणालो, "हो, वहिनी."

तुझा धाकटा

ता. क. ऑपरेशनसाठी थोडे पैसे पाठवलेस तर उपकार होतील.

ता. क. दुसरा : ऑपरेशनचं खोटं लिहिलं. सोमवारी वहिनींना पहिला हप्ता द्यायचा आहे.

ता. क. तिसरा : आज रेडिओ आणखी एक शब्द बोलला. माझा हात धरून म्हणाला, "उद्या." वहिनींच्या मते तो मला उद्या यायला सांगतोय. जाईन म्हणतो.