कितवी पायरी

नाशिक, ३ नोव्हेंबर २०२५

ती. यशोधनदादास,
सा. न. फोनवर सलग बोलताना धाप लागते, म्हणून लिहिते. झालं ते असं:

१. दीड वर्षापूर्वी पांडवलेणी चढताना दम लागला. दमा ठरला, पंप मिळाला.
२. ऑगस्टमध्ये इको केला. फुप्फुसाच्या धमनीतला रक्तदाब फार जास्त.
३. तो उतरवायच्या गोळ्या सुरू झाल्या. तिसऱ्या दिवशी फुप्फुसांत पाणी. आयसीयू.
४. डॉ. शुभांगी म्हणाल्या, औषध उलटलं, म्हणजे अडथळा पुढे आहे, रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या बारीक शिरांत. सीटी स्कॅनमध्ये तसंच दिसलं. तुकडा काढून तपासणं धोक्याचं, म्हणून काढला नाही.
५. जनुकात दोष सापडला, दोन्ही प्रतींत. एक प्रत आईची, एक बाबांची.

आई-बाबा आते-मामे भावंडं, तेव्हा नवल नाही. बरं करणारं औषध नाही. फुप्फुसं बदलणं, तीही मिळाली तर. तुला हाच आजार असण्याची शक्यता चारात एक. तपासून घे. आईला फक्त छातीत पाणी झाल्याचं माहीत आहे.

तुझी,
तेजश्री

मनमाड, ९ नोव्हेंबर

चि. तेजूस, अ. आ.
पत्र लिहिलंस की कारखान्यातला तपासणी अहवाल? वाचून रात्रभर झोपलो नाही. पण चारात एक, म्हणजे चारात तीन वेळा काहीच नाही, हेही गणितच ना? आईच्या मते तू चकल्यांना हात लावला नाहीस म्हणून वाळलीस.

माझं म्हणशील तर स्टेशनचा पूल चढताना मधे थांबतो, पण ते पोट सुटल्यामुळे. तुझी वहिनी रोज टोमणे मारते. दिवाळीत तुझ्या टेबलावरचा जुना पंप उचलून आणला होता. दोन फवारे मारले की बरं वाटतं. उगाच माझी काळजी वाहू नकोस.

तुझा दादा

नाशिक, १३ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. पंपाने मलाही बरं वाटायचं. त्यात दीड वर्ष गेलं.

आधी इको कर. दाब जास्त निघाला तर गोळ्या सुरू करण्याआधी डॉक्टरांना माझं पहिलं पत्र दाखव. माझ्या तिसऱ्या मुद्द्याचा तेवढाच उपयोग. त्याने तू बरा होशील असं मी म्हणत नाही. ज्योत्स्नावहिनीला खरं सांग, पोटाचं नको.

घराच्या जिन्यात मी आधी अकराव्या पायरीवर थांबायचे, आता तिसऱ्या. पुलावर तू आधी कितव्या पायरीवर थांबायचास आणि आता कितव्या, ते मोज.

लोभ आहे, तो मोजायला सांगत नाही.

शुक्रवार, २१ नोव्हेंबरपर्यंत दोन्ही आकडे कळव.

तेजू