सिंगल फेजवरचं रंधा मशीन

अण्णा, परवा अंबडला एका हत्यारांच्या दुकानात तुमच्याकडे होतं तसलंच रंधा मशीन मांडलेलं दिसलं. रंग निराळा होता, पण ठेवण तीच, टेबलावर बसेल एवढी. दुकानदार एका गिऱ्हाइकाला ते चालवून दाखवत होता. त्याने बटण दाबलं आणि मी दोन्ही हात कानांवर ठेवून थेट रस्त्यावर आले. माझ्यामागून तुमचे जावई धावत आले, काय झालं म्हणून विचारत राहिले. त्यांना काय सांगणार? मशीनचा आवाज मोठा होता, एवढंच सांगितलं. घरी आल्यावर मात्र चैन पडेना, म्हणून तुम्हाला लिहायला बसले आहे.

ते मशीन मी निवडलं होतं. तुम्ही नव्हे. हे तुम्हाला माहीत आहेच, पण मला पहिल्यापासून सांगू द्या. तुमची उमेदीची वर्षं सगळी द्राक्षांच्या पेट्या ठोकण्यात गेली. पिंपळगावच्या पॅकहाऊसवाल्यांचा माल तुमच्या पेट्यांतून दिल्ली-कलकत्त्याला जायचा. हंगामात तुम्ही तोंडात खिळे धरून बसलेले असायचात, बोलायला तोंड मोकळं नाही म्हणून आईला नुसत्या भुवयांनी चहा मागायचात. मग पुठ्ठ्याचे बॉक्स आले. आधी थोडे, मग सगळेच. एक दिवस तुमचा जुना व्यापारी स्वतः घरी आला, चहा प्यायला, द्राक्षांचा एक घड ओट्यावर ठेवला आणि म्हणाला, "आता पुठ्ठ्याशिवाय कोणी माल घेत नाय. वाईट वाटून घेऊ नका." तुम्ही म्हणालात, "मी कशाला वाईट वाटून घेऊ?" आणि तो गेल्यावर शेडमध्ये जाऊन संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाहीत.

मी तेव्हा अंबडच्या एका कारखान्यात परचेस म्हणजे खरेदी खात्यात होते. परदेशातून मशिनरी यायची ती पाईनच्या मोठमोठ्या खोक्यांतून, आणि खोकी भंगारात जायची. ते लाकूड तुम्हाला मिळवून देण्याची कल्पना माझी. पहिला टेम्पो घराशी उतरला तेव्हा तुम्ही एक फळी नाकाशी नेऊन वास घेतलात आणि हसलात. मला फार मोठं काही केल्यासारखं वाटलं होतं. त्या लाकडाचे तुम्ही देव्हारे केलेत, शेल्फं केलीत, कॉट केल्यात. पण फळ्या खडबडीत, एक जाड तर एक पातळ, आणि तुमचा उजवा खांदा रंधा मारून मारून कामातून गेलेला. वखारीतल्या मोठ्या मशीनवर फळ्या सारख्या करून आणायच्या तर टेम्पो करा, रांगेत थांबा, अख्खा दिवस जायचा. म्हणून घरीच एक मशीन घ्यायचं ठरलं. सिंहस्थाच्या आदल्या वर्षाची गोष्ट. सगळ्या शहरात रस्ते उकरलेले होते आणि आपण दोघं माझ्या स्कूटीवर धूळ खात दुकानं पालथी घालत होतो.

तुमच्या मनात भरलं होतं ते जुनं मशीन. भद्रकालीतला एक मिस्त्री धंदा बंद करत होता, त्याचं. ओतीव लोखंडाचं, पट्ट्यावर चालणारं, म्हशीएवढं. त्याने चालू केलं तेव्हा जमीन थोडी हादरली, पण आवाज कसा, खालच्या पट्टीतला, घुमल्यासारखा. तुम्ही त्याच्या अंगावर हात ठेवून उभे राहिलात. "ताई, हे आपल्याला पुरून उरंल," म्हणालात.

मी तिथेही ऑफिसातल्यासारखा हिशेब मांडला. थ्री फेज कनेक्शन लागेल, ते कधी मिळेल सांगता येत नाही. पाया भरावा लागेल. शेडमध्ये ठेवलं तर फळी फिरवायला जागा राहणार नाही. जुन्याचे पार्ट मिळाले नाहीत तर? मी तीन दुकानांची कोटेशनं आणली होती आणि त्यांत मला हे छोटं मशीन पसंत पडलं होतं. घरच्या सिंगल फेज विजेवर चालणारं, दोन माणसांना उचलता येणारं, खिशाला परवडणारं. ब्लेडची एक धार गेली की उलटं करून दुसरी वापरायची. तुमच्या देव्हाऱ्याच्या फळीएवढी रुंदी त्यात आरामात जात होती. मी दुकानदाराला ब्लेडबद्दल विचारलं, रबरी रोलरबद्दल विचारलं, गॅरंटीबद्दल विचारलं. त्याने चालवून दाखवलं तेव्हा ते किंचाळलं, अण्णा. दुसरा शब्द नाही. मी कानात बोटं घातली. दुकानदार ओरडून म्हणाला, "छोट्या मोटारीचा आवाज जास्तच असतो, मॅडम, पण काम बघा!" काम खरंच सुरेख होतं. फळी बाहेर आली ती काचेसारखी. तुम्ही तिच्यावरून बोट फिरवलंत, टोकाशी जरासा खड्डा पडला होता तो मला दाखवलात. मी म्हटलं, फळीला पुढून आधार दिला की तो पडत नाही, पुस्तिकेत लिहिलंय. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "तू म्हणतीस तर घेऊ. तुझं ते रोजचं काम हाय."

आवाजाबद्दल मी एकही प्रश्न विचारला नव्हता. ऐकू तर मलाही आलं होतं.

नंतरची दोन-तीन वर्षं चांगली गेली असं आपण सगळे म्हणायचो. कामं वाढली. पण तेव्हा लोडशेडिंग सुरू झालं होतं. वीज यायची तेवढ्या वेळात दिवसभराच्या फळ्या उरकायच्या म्हणून तुम्ही मशीन बंदच करायचा नाहीत. पत्र्याचं शेड, वरून खाली आदळणारा आवाज, आणि मध्ये तुम्ही. मी कारखान्यातून कानाला लावायचे मफ आणून दिले. तुम्ही ते खिळ्याला टांगून ठेवलेत. मी रागावले तर म्हणालात, "ते लावल्यावर ब्लेड कुठं अडकतंय ते कळत नाय." मी आणखी एकदा रागावले. मग माझं लग्न झालं, मी इंदिरानगरला गेले, आणि रविवारच्या रविवार येणाऱ्या मुलीने तेच तेच किती बोलायचं, म्हणून सोडून दिलं.

तुम्हाला ऐकू येईनासं कधी झालं ते नेमकं सांगता येणार नाही. आधी आई म्हणायची, तुमचं लक्षच नसतं. मग टीव्हीचा आवाज मोठा झाला. मग तुम्ही टीव्ही बघणंच सोडलंत. कानाचं यंत्र आणलं, त्यात सगळा खरखराट होतो म्हणून तेही कपाटात गेलं. आम्ही ओरडून बोलायला लागलो आणि ओरडून बोलायचं म्हणून कमी बोलायला लागलो. जेवायला या. औषध घेतलं का? टेम्पो आलाय. एवढंच. आई आणि मी स्वयंपाकघरात बोलत बसायचो, तुम्ही दाराशी येऊन विचारायचात, "काय म्हणतीय ताई?" आणि आई हात हलवून म्हणायची, "काय नाय, काय नाय." मी पण तसाच हात हलवायला शिकले. तुम्ही थोडा वेळ आमच्या तोंडांकडे बघत उभे राहायचात आणि परत शेडमध्ये जायचात. मग ते किंचाळणं सुरू व्हायचं. आता तुम्हाला ते पूर्वीइतकं मोठं वाटत नव्हतं, त्रास आम्हाला व्हायचा. आई उठून खिडकी लावून घ्यायची.

मला दिवस गेले तेव्हा आईने ती बातमी तुम्हाला ओरडून सांगितली. गल्लीला ऐकू गेली. शेजारच्या काकू हसत बाहेर आल्या. आणि तुम्ही त्याच दिवशी पाईनच्या पट्ट्या निवडायला घेतल्यात. आई मला फोनवर म्हणाली, "पाळणा करतायत बघ. मूल व्हायच्या आधी कोणी पाळणा करतं का? पण यांना सांगायचं कसं?" मी हसले होते. म्हटलं, करू दे गं, असं काही नसतं.

चौथ्या महिन्यात ते गेलं. आई माझ्याकडे येऊन राहिली. तुम्हाला तिने सांगितलं, ताईला ताप आलाय. चांगली बातमी गल्लीभर ओरडता येते, ही कशी ओरडणार होती ती? मला बरं वाटल्यावर सांगू, असं आम्ही दोघींनी ठरवलं. मग मी एका रविवारी आले. तुम्ही माझी वाटच बघत होतात. हाताला धरून मला शेडमध्ये नेलंत. अंगावर भुसा होता, भुवयांवर होता. वरचं गोणपाट काढलंत.

काय पाळणा होता तो. एकेक पट्टी सारखी, कडा गोल केलेल्या, कुठे कुसळ नाही, कुठे खिळा दिसत नाही. तुम्ही एका बोटाने हलवून दाखवलात, करकर वाजला नाही. मग माझ्याकडे बघितलंत. मी वळले आणि घरात निघून गेले. मागून तुम्ही विचारलंत, "काय झालं गं?" आईने हात हलवला. काय नाय.

पुढच्या वेळी आले तेव्हा पाळणा नव्हता. त्याच्या पट्ट्या मला नंतर तुमच्या दारातल्या चपलांच्या रॅकमध्ये दिसल्या. मूल आलं नाही हे तुम्हाला हळूहळू कळलंच असणार. कधी गेलं, कसं गेलं, ते कोणी सांगितलं नाही आणि तुम्हीही विचारलं नाहीत. दोन वर्षांनी तुमची नात झाली, तेव्हा आम्ही बाजारातून स्टीलचा पाळणा आणला. तुम्ही तो लांबून बघितलात. तुम्ही का करत नाही, असं आमच्यातल्या एकानेही विचारलं नाही. अण्णांचा खांदा दुखतो, असं मीच सगळ्यांना सांगितलं.

छातीच्या दुखण्याने तुम्हाला दवाखान्यात ठेवलं त्या दुपारी मी डबा घेऊन आले होते. वॉर्डातली सिस्टर तुम्हाला काहीतरी विचारत होती. तुम्ही कानाला हात लावून दाखवलात. तिने ओरडून बघितलं नाही. खिशातून पेन काढलं, औषधाच्या खोक्याचं झाकण फाडलं आणि त्याच्या आतल्या बाजूला लिहिलं, "आजोबा, श्वास घेताना दुखतं की झोपल्यावर?" तुम्ही ते वाचलंत. तुमचा चेहरा असा खुलला की मला दारातच थांबावं लागलं. तुम्ही तिला सगळं सांगितलंत, कुठे दुखतं, कधीपासून दुखतं, रात्री कुठल्या कुशीवर बरं वाटतं. मोठ्याने, अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं. तिने आणखी काहीतरी लिहिलं आणि तुम्ही हसलात.

तुम्ही सातवी शिकलेले होतात. रोज पेपर वाचायचात. गिऱ्हाइकाची मापं लिहून घ्यायचात. आणि घरात आमच्यापैकी एकीलाही हे सुचलं नव्हतं. मी तर दिवसभर ऑफिसात पत्रंच लिहीत होते.

सिस्टरने पेन माझ्या हातात दिलं. मी लिहिलं, "अण्णा, बरं वाटतंय का?" तुम्ही वाचलंत, मान हलवलीत आणि लगेच म्हणालात, "ताई, एक विचारू? त्या टायमाला मी पाळणा आधी केला, म्हणून तसं झालं का गं?"

शेजारच्या खाटेवरचा माणूस आमच्याकडे बघत होता. मी लिहिलं, "नाही. असं काही नसतं. डॉक्टर म्हणाले, कोणाचीच चूक नव्हती."

"तुझी आई म्हणत असंल, आधी करू नये म्हणून. मला ऐकू आलं नसंल." मग तुम्ही म्हणालात, "आणि तू पाळण्याकडं बघितलंस ना, तुझ्या तोंडावर दिसलं मला. तवाच खोलून टाकला."

मी खोक्याचं झाकण उलटं केलं, कडेला जागा होती तिथे लिहिलं, "मला तसं कधीच वाटलं नाही, अण्णा." तुम्ही ते दोनदा वाचलंत. ओठ हलवत. मग म्हणालात, "मग बरं," आणि डोळे मिटलेत. भेटायची वेळ संपली होती. मी कोमट पाण्याची बाटली उशाशी ठेवली आणि उद्यासाठी एक नवी वही घ्यायची असं ठरवत जिना उतरले. दुसऱ्या दिवशी तुम्ही कोणाला ओळखत नव्हतात, आणि त्यातच गेलात.

वही मी घेतली होती. हे त्याच वहीत लिहिते आहे. मशीन मी निवडलं, आवाज ऐकून निवडलं, त्याबद्दल तुम्ही मला कधी बोलला नाहीत आणि मी कधी माफी मागितली नाही. पण आज लिहायला बसले ती त्यासाठी नाही. बराच वेळ मशीनचंच लिहीत बसले, कारण ते सोपं होतं. त्या दिवशी शेडमध्ये तुम्ही गोणपाट काढलंत आणि मी पाळणा पाहिला, तेव्हा एवढी शिकलेली, असं काही नसतं म्हणून हसलेली मी, पण क्षणभर माझ्याही मनात तेच आलं होतं. तुम्ही बरोबर वाचलं होतंत. दवाखान्यात मी तुम्हाला लिहिलं ते खरं नव्हतं.