पाठीवर कोण होतं

१२ मार्च

वैतागलो! तंबूत बसून जीव आंबला. गोऱ्या साहेबांची लढाई, दुसऱ्यांचा डोंगर — आपलं ना देणं ना घेणं. दाजी मात्र ढाराढूर. निघताना ताई म्हणाली होती, "यांना सांभाळ रे." वर हेच मला ऐकवतात — "मेव्हणेबुवा, झोपेत लाथा मारता. बहिणीकडे तक्रार करीन!"

उद्या ओढ्यापलीकडे हल्ला. शत्रू आधी साहेब टिपतो, म्हणून साहेबही आमच्यासारखेच कपडे घालणार. आमचीच टोपी. दाजी म्हणाले, "वा! आता पगारही आमचाच घ्या म्हणावं."

१४ मार्च

दाजी पुढे होते. ओढ्यात पडलेले पाहिले. मागे फिरायचा हुकूम झाला — मी नाही फिरलो. धुरात शिरलो, चिखलातला माणूस पाठीवर घेतला, पळालो. वाटभर बडबडत होतो — "दाजी, धीर धरा. ताई मला जिवंत सोडायची नाही." पाठीवर नुसतं कण्हणं.

डॉक्टरांनी चिखल पुसला. साहेब!

परत निघालो तर चौघांनी दाबून धरलं. वर शाबासकी — "वाघ आहेस लेका!"

१५ मार्च

हवालदार म्हणाले, "अरे, ते जागच्या जागी गेले असणार. मनाला लावून घेऊ नकोस."

जागच्या जागी. हेच घोकतोय.

२ एप्रिल

पदक! बँड वाजला. मोठ्या साहेबांनी छातीवर लावलं. काय हवं, म्हणाले. म्हटलं — ओढ्यात जाऊ द्या, दाजींना आणतो. दुभाषा काहीतरी बोलला. साहेब हसले, खांदा थोपटला. माझं बोलणं त्याने पुढे नेलंच नाही बहुतेक. मी नुसता सलाम ठोकून उभा!

९ एप्रिल

ताईचं पत्र. तिकडे खबर पोचलेली नाही. "तू जवळ आहेस म्हणून मला यांचा घोर नाही."

कागद घेतला. 'ताई' लिहिलं. पुढे काय लिहू?

२१ एप्रिल

'ताई'च्या पुढे आज लिहिलं — जागच्या जागी गेले, त्रास झाला नाही. टाकलं एकदाचं टपालात.

६ मे

ओढा आमच्या हाती आला. दाजी सापडले. पडले होते तिथे नाहीत — सरपटत अलीकडच्या काठापर्यंत आलेले. पायाला पट्टी, गाठ त्यांच्याच हातची. पाण्याची बाटली पार रिकामी.

बूच नीट लावलेलं.